दोन वर्षे उभी राहिलेली जुनी एसयूव्ही: खरेदीपासून रस्त्यापर्यंतचे एक प्रकरण

गाडी सतरा वर्षांची. सात आसनी, लॅडर चॅसीवर, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली, टर्बो डिझेल इंजिन, पाच गिअर आणि लिव्हर ओढून लागणारा फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर. मीटरवर 1,92,000 किलोमीटर. आधीच्या मालकांनी दुसरी गाडी घेतली आणि तेव्हापासून ही दोन वर्षे उघड्यावर उभी होती. मधूनमधून कोणीतरी सेल्फ मारायचे, दहा मिनिटे इंजिन चालू ठेवायचे आणि बंद करायचे. हेतू चांगला असतो, पण असे केल्याने इंजिनचे नुकसानच होते. आयडलवर दहा मिनिटांत तेल पुरेसे तापत नाही, त्यामुळे त्यात साठलेली वाफ आणि न जळलेले डिझेल उडून जात नाही, उलट दर वेळी थोडे वाढते.

गाडी घ्यायची होती माझ्या धाकट्या भावाला. घरात माणसे जास्त, रोजचा रस्ता खडबडीत, आणि नवी एसयूव्ही बजेटच्या बाहेर. पाहायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "दादा, इंजिन एकदम मस्त चालू होतं, ऐकून तर बघ." मी म्हटले, इंजिन नंतर ऐकू, आधी खाली शिरू.

आधी चॅसी

लॅडर चॅसीच्या गाडीचे इंजिन बदलता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, दरवाजे आणि बोनेट दुसऱ्या गाडीचे बसवता येतात. चॅसी कुजली असेल तर मात्र बाकी सगळे चांगले असूनही उपयोग नाही. म्हणून टॉर्च, छोटी हातोडी आणि जाड स्क्रू ड्रायव्हर घेऊन सुरुवात तिथून केली. शाबूत पत्र्यावर हातोडी हलकेच मारली की खणखणीत आवाज येतो. आतून गंजलेला पत्रा बद्द वाजतो. मागच्या ॲक्सलच्या वर चॅसीला जी कमान असते तिथे सर्वात जास्त लक्ष द्यायचे. चाकांनी उडवलेला चिखल त्या पेटीसारख्या भागात शिरतो, पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली भोके त्याच चिखलाने बुजतात आणि पत्रा आतून कुजत राहतो. बाहेरचा रंग तेव्हा चांगला दिसत असतो.

या गाडीचे दोन्ही उभे बीम पुढून मागेपर्यंत खणखणीत वाजले. स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्टने धरलेला असतो तिथे तडा नव्हता, सस्पेन्शनचे ब्रॅकेट भक्कम होते. फक्त अगदी मागच्या आडव्या मेंबरमध्ये, स्टेपनी जिथे लटकते तिथे, स्क्रू ड्रायव्हर सरळ आत गेला. तळहाताएवढा भाग कुजला होता. त्या मेंबरवर स्टेपनीचा भार असतो, सस्पेन्शनचा नसतो, त्यामुळे कापून नवा पत्रा वेल्ड करणे शक्य होते. हेच भोक मागच्या लिंकच्या ब्रॅकेटपाशी असते तर आम्ही तिथूनच परत फिरलो असतो.

एक गोष्ट मला विशेष आवडली. गाडीखाली ताजा काळा थर मारलेला नव्हता. विकण्याआधी मारलेले डांबरी कोटिंग ओल्या गंजावर बसले तर गंज झाकतेच आणि पाणीही आत कोंडून ठेवते. इथे गंज होता तसा उघडा होता. दुर्लक्ष झालेली गाडी आणि दोष झाकलेली गाडी यांत निवड करायची वेळ आली तर मी नेहमी पहिली घेईन.

चॅसी नंबर कागदपत्रांशी ताडून पाहिला, त्याच्या आजूबाजूला वेल्डिंगच्या खुणा नव्हत्या. मीटरचा आकडा पेडलचे रबर, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड आणि स्टिअरिंगची झीज यांच्याशी जुळत होता.

इंजिन, तेही थंड

आम्ही येण्याआधी गाडी चालू करू नका, अशी विनंती आधीच केली होती. बोनेटवर हात ठेवून पाहिला, गार होते. थंड इंजिन कसे सुरू होते ते पाहिल्याशिवाय जुन्या डिझेल गाडीबद्दल काही बोलूच नये. हीटर प्लगचा दिवा विझल्यावर सेल्फ मारला, इंजिन थोडे अडखळले, पांढरा धूर आला आणि मिनिटभरात विरला. हा न जळलेल्या डिझेलचा धूर. एखादा हीटर प्लग गेला की असेच होते. निळा धूर, म्हणजे तेल जळण्याची खूण, आयडलवर नव्हता आणि रेस केल्यावरही नव्हता. ऑइल भरायचे झाकण उघडले तर हलके ठोके जाणवले, पण इंजिन हवा फेकत नव्हते. त्या झाकणाच्या आत मात्र पिवळट साय जमली होती. ती पाहून पुष्कळ जण हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधली सीलबंद पट्टी) गेल्याचे ठरवून टाकतात. डिपस्टिकवरचे तेल काळे होते, दुधाळ नव्हते; साय त्या दहा-दहा मिनिटांच्या चालू-बंदची होती.

टर्बोचा पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवला. आडवा किंचित हलतो, तेवढे चालते. आत-बाहेर हललेला जाणवता कामा नये, आणि तो हलत नव्हता.

सगळ्यात वाईट गोष्ट निघाली ती रेडिएटरमध्ये. कूलंटच्या जागी गढूळ, तपकिरी पाणी होते. म्हणजे कोणीतरी कित्येक वर्षे नुसते पाणी भरत आले होते. कूलंटचे मुख्य काम पाणी गोठू न देणे एवढेच आहे, असा समज आहे. पण त्यातली गंजरोधक द्रव्ये लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड आणि रेडिएटरच्या नळ्या यांना वाचवतात, आणि ती संपली की गंजाचा गाळ जिथे पाणी संथ वाहते तिथे बसतो. छोट्या फेरीत तापमानाचा काटा मधोमध राहिला, पण त्या काट्यावर मी भरवसा ठेवला नाही. पुष्कळ गाड्यांत काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की तापमान बऱ्याच मोठ्या पट्ट्यात वरखाली झाले तरी तो मधेच स्थिर दिसावा.

निर्णय घ्यायचा असा झाला. सांगाडा भक्कम आहे, इंजिनाची झीज वयाला साजेशी आहे, आणि बाकी जे काही बिघडले आहे ते उभे राहिल्याने आणि देखभाल न झाल्याने. भावाने खरेदीसाठी जेवढी रक्कम बाजूला ठेवली होती तिचे मी दोन भाग करायला लावले. गाडीची बोली एका भागातच बसायला हवी, दुसरा भाग दुरुस्तीचा. सापडलेल्या दोषांची यादी मालकांसमोर शांतपणे वाचली, प्रत्येक दोष गाडीवर दाखवला, आणि सौदा त्या मर्यादेत झाला. गाडी चालवत आणली नाही, टोइंग करून आणली. ज्या ब्रेकची खात्री नाही त्यांच्यावर दोन टनांची गाडी रस्त्यावर काढणे मला मान्य नाही.

पहिली साखळी: ब्रेक

अशा गाडीत दोषांची यादी लांबलचक निघते आणि माणूस हबकतो. यादीतला प्रत्येक दोष वेगळा धरून पार्ट बदलत गेले तर पैसे संपतात आणि गाडी तशीच राहते. मला या गाडीने पुन्हा एकदा स्पष्ट दाखवले की लांब यादीच्या मुळाशी दुर्लक्ष झालेल्या चार-पाच बारीक गोष्टी असतात. त्या शोधायला वेळ लागतो, दुरुस्त करायला फारसा लागत नाही.

टायरपासून सुरुवात केली. बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. इथे 2214 होते, म्हणजे 2014 सालचा 22वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण बाजूच्या रबराला बारीक चिरा पडल्या होत्या आणि दोन वर्षे एकाच जागी उभे राहून खाली सपाटपणा आला होता. स्टेपनी तर गाडीबरोबर आलेलीच होती. पाचही बदलले.

मग मोकळ्या, सपाट जागेत कमी वेगाने ब्रेक तपासले. गाडी डावीकडे ओढत होती आणि थोडे चालल्यावर पुढचे डावे चाक इतर चाकांपेक्षा बरेच गरम लागत होते. पिस्टन जाम, कॅलिपर बदला, असे कोणीही सांगेल. आमच्या मेकॅनिकनी आधी एक साधी चाचणी केली. चाक जॅकवर उचलून फिरवले, घट्ट होते. कॅलिपरचा ब्लीडिंग निपल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू, सैल करताच थोडे ब्रेक ऑइल उडाले आणि चाक मोकळे फिरू लागले. म्हणजे पिस्टन अडकलेला नव्हता, ऑइलचा दाब आत कोंडला होता. पुन्हा ब्रेक दाबून निपल बंद ठेवला आणि या वेळी रबरी होजच्या वरचा, लोखंडी पाइपकडचा जोड सैल केला. चाक घट्टच राहिले. दाब होजच्या खालच्या बाजूला अडकत होता, म्हणजे दोष होजचा. जुन्या होजचे आतले अस्तर सुटते आणि झडपेसारखे वागते: पायाचा जोर ऑइलला पुढे ढकलतो, पण पाय उचलल्यावर ऑइल परत येत नाही. बाहेरून होज चांगला दिसत होता. कॅलिपर शाबूत राहिला. सगळे रबरी होज बदलले.

मागच्या बाजूला खरी गंमत होती, आणि मी ती मुद्दाम सविस्तर सांगतो. उजवा ड्रम उघडला तर लायनर गिअर ऑइलमध्ये भिजलेले. त्या बाजूचा ब्रेक लागतच नव्हता, त्यामुळे गाडी डावीकडे ओढायला तेही एक कारण होते. ॲक्सलचे सील गेले हे उघड होते. पण सील का गेले? मागच्या ॲक्सल हाउसिंगवर अंगठ्याहूनही लहान एक ब्रीदर असतो. ॲक्सल तापला की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. या ब्रीदरवर चिखल वाळून दगडासारखा बसला होता. वाट नसली की फुगलेली हवा तेलाला सीलच्या ओठांमधून बाहेर ढकलते. गार होताना उलटे होते, आत ओढ निर्माण होते आणि ओल्या रस्त्यावर त्याच सीलमधून पाणी आत शिरते. डिफरन्शियलचे (ॲक्सलच्या मधोमध दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांचे) तेल काढले तर कॉफीच्या रंगाचे दुधाळ तेल आले. ब्रीदर न पाहता नुसते सील आणि लायनर बदलले असते तर काही महिन्यांत तेच काम परत निघाले असते. ब्रीदर साफ केला, त्याला लांब रबरी नळी जोडून वर बॉडीच्या आडोशाला नेली, मग सील आणि दोन्ही बाजूंचे लायनर बदलले. लायनर नेहमी जोडीने बदलायचे, एका बाजूचे कधीच नाही.

मागच्या ॲक्सलला जोडलेली एक सळई ब्रेकचा जोर भाराप्रमाणे वाटून देणाऱ्या व्हॉल्व्हला हलवते. ती गंजून जागेवर अडकली होती, म्हणजे सात माणसे बसली तरी मागच्या ब्रेकना रिकाम्या गाडीएवढाच दाब मिळायचा. या व्हॉल्व्हकडे सहसा कोणी पाहत नाही. ती मोकळी करून, ग्रीस लावून सेट केली. ब्रेक ऑइल पूर्ण काढून डॉट 4 भरले. नव्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो. हवेतले पाणी शोषून शोषून तो 155 च्या आसपास येतो आणि लांब उतारावर पेडल मऊ पडते. निघालेले ऑइल काळे होते.

दुसरी साखळी: उष्णता

ब्रेक झाल्यावर कूलिंग सिस्टीम साध्या पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतली आणि गाडीला सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धे-अर्धे मिसळून भरले. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायच्या जोडणीला) स्कॅनर लावून तापमानाचा खरा आकडा समोर ठेवला. सपाट रस्त्यावर 88 ते 90 अंश. मग पूर्ण भार, एसी चालू आणि लांब चढ. दुसऱ्या गिअरमध्ये चढताना आकडा 96, 100, 104 असा चढत 108 वर गेला. काट्याने हलायला सुरुवात केली तीही 104 च्या पुढे. एसी बंद करून चढ संपल्यावर आकडा लगेच उतरला.

एका गॅरेजने ऐकूनच निदान दिले: हेड उतरवा, गॅस्केट गेली. हे निदान वाईट नव्हते, जुन्या डिझेलमध्ये ते पुष्कळदा खरे ठरते. पण हेड उतरवणे हे मोठे काम आहे आणि त्याला पुरावा हवा. गॅस्केटमधून सिलिंडरचा गॅस पाण्यात येत असेल तर रेडिएटरच्या तोंडावर धरलेल्या चाचणी द्रवाचा निळा रंग पिवळा होतो. इंजिन तापवून, भार देऊन पाहिले, रंग निळाच राहिला. रात्रभर उभ्या गाडीच्या रेडिएटरचा वरचा होज सकाळी दाबला तर मऊ होता, आत दाब कोंडलेला नव्हता. कूलंटची पातळी घटत नव्हती. गॅस्केट निर्दोष ठरली.

मग विचार असा केला. कमी वेगात तापते तेव्हा हवेच्या वाटेत अडथळा शोधायचा, जास्त वेगात भाराखाली तापते तेव्हा पाण्याच्या वाटेत. चढावर दुसऱ्या गिअरला दोन्ही एकत्र येतात, म्हणून दोन्ही वाटा तपासल्या.

हवेची वाट आधी. पंख्याच्या मधोमध जो व्हिस्कस क्लच असतो त्यात सिलिकॉन तेल असते. रेडिएटरमधून आलेली गरम हवा समोरच्या द्विधातू पट्टीला लागली की आतली झडप उघडते, तेल फिरू लागते आणि पंखा इंजिनाला घट्ट जोडला जातो. या क्लचवर मधून बाहेर गेलेले तेलकट, धूळ चिकटलेले पट्टे होते. गरम इंजिन बंद करून पंख्याला हाताने झटका दिला तर तो सहज दोन फेऱ्या फिरला. चांगला क्लच गरम असताना विरोध करतो. क्लच संपला होता. पुढे, एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ, बिया, पिसे आणि उंदरांनी आणलेले गवत यांची नमद्यासारखी गादी बसली होती. समोरून टॉर्च मारली तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, म्हणून हे कोणालाच दिसत नाही. कंडेन्सर थोडा पुढे ओढला तेव्हाच दिसले. रेडिएटरचे धातूचे पंख (फिन्स) कमी दाबाच्या पाण्याने इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुतले. जोरदार फवारा मारला तर पातळ पंख वाकतात आणि तीच वाट पुन्हा बंद होते.

पाण्याच्या वाटेत थर्मोस्टॅट काढून भांड्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवला, 82 अंशांना उघडू लागला, चांगला होता. तरीही नवा घातला, कारण तेवढ्यासाठी पुन्हा सगळे उघडणे परवडत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरचा चेहरा इंच-इंच मोजला. पाणी आत येते त्या टोकापासून बाहेर जाते त्या टोकाकडे तापमान हळूहळू उतरायला हवे. इथे खालचा जवळपास तिसरा हिस्सा एकदम वीस अंशांहून अधिक थंड निघाला. तिथून पाणी जातच नव्हते. त्या तपकिरी पाण्याचा गाळ तिथे बसला होता आणि धुऊन निघत नव्हता. रेडिएटरचा कोर बदलला.

शेवटी झाकण. त्यावर 1.1 बार लिहिलेले होते, तपासणीच्या पंपावर ते 0.6 ला उघडत होते. 1.1 बारच्या जादा दाबाखाली नुसते पाणीही 120 अंशांच्या पुढे उकळते. दाब टिकला नाही तर ती सवलत बरीचशी जाते. सगळ्यात स्वस्त पार्ट हाच होता. (गरम इंजिनाचे हे झाकण उघडायला जाऊ नका. दाब सुटताच आतले पाणी क्षणात उकळून अंगावर येते.)

तोच चढ, तेवढीच माणसे, एसी चालू. आकडा 93 वर गेला आणि तिथेच राहिला. भावाने स्कॅनरकडे बघत गाडी वर आणली आणि मग बराच वेळ काही बोललाच नाही. मलाही फार बरे वाटले. हेड उतरवले असते तर नवी गॅस्केट घालूनही गाडी या चढावर तापलीच असती, आणि मग सगळ्यांनी इंजिनलाच नावे ठेवली असती.

तिसरी साखळी: ओले कार्पेट

सेंट्रल लॉक आपोआप चालू-बंद व्हायचे, डॅशबोर्डवरचे दिवे लुकलुकायचे, कधी वायपर मधेच थांबायचे. कंट्रोल युनिट बदला, असा एक सल्ला आला. डाव्या पायाखालचे कार्पेट उचलले तर खालचा फोम भिजलेला. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. पुढची डावी नळी पानांच्या कुजक्या चुऱ्याने बुजली होती. पाणी खांबातून उतरून कार्पेटखालच्या कनेक्टरपर्यंत गेले होते आणि त्याच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. नळी मऊ नायलॉनच्या तारेने मोकळी केली. कंप्रेसरची हवा मारली तर नळी आतल्या आत जोडातून सुटते आणि मग छत उतरवावे लागते. कनेक्टर साफ केला, दोन पिना बदलल्या, कार्पेट बाहेर काढून पूर्ण वाळवले. कंट्रोल युनिटला हात लावला नाही.

सेल्फ सुस्त होता. बॅटरी इंजिन बंद असताना 12.6 व्होल्ट आणि इंजिन चालू असताना 14.2 दाखवत होती, म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर ठीक. सेल्फ मारताना इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्ह टोकात 0.9 व्होल्टचा फरक आला. अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोके घासून बसवली, फरक 0.1 वर आला.

स्टिअरिंग, तेले आणि बेल्ट

नवे टायर बॅलन्स करूनही 80 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायचे. चाके जमिनीवर ठेवून एकाने स्टिअरिंग थोडे थोडे डावे-उजवे हलवले आणि दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक जोडावर हात ठेवला. ही चाचणी जॅकवर करू नये, भार नसला की ढिला जोडही घट्ट वाटतो. टाय रॉड एंड चांगले होते. स्टिअरिंगच्या दांड्यांना एका बाजूने आधार देणाऱ्या आयडलर आर्मचा बुश इतका ढिला होता की आर्म स्पष्ट वरखाली होत होता. तो बदलला, खालचे दोन बॉल जॉइंट बदलले आणि त्यानंतर अलाइनमेंट केले. ढिल्या जोडांवर केलेले अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकते.

इंजिन ऑइलसाठी फ्लश वापरला नाही. वर्षानुवर्षांचा चिकट गाळ एकदम सुटला तर तो ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. ऑइल पॅन उतरवून जाळी हाताने साफ केली, ऑइल आणि फिल्टर बदलला, हजार किलोमीटरनंतर पुन्हा बदलला. गिअरबॉक्समध्ये मॅन्युअलप्रमाणे जीएल-4 दर्जाचे गिअर ऑइल भरले. "जास्त चांगले" म्हणून डिफरन्शियलचे जीएल-5 तिथे ओतायचे नसते. त्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या पितळी सिंक्रो रिंग खराब होऊ शकतात. डिझेल टाकीच्या तळातून पाणी आणि काळा चिकट गाळ निघाला, टाकी उतरवून धुतली. टाकी उतरलेली असतानाच मागच्या मेंबरचे वेल्डिंग उरकले, बॅटरी आणि अल्टरनेटरची जोडणी आधी सोडवून. कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापला, जाड पत्रा लावला, इपॉक्सी प्रायमर मारला आणि चॅसीच्या पोकळीत पातळ मेण फवारले. त्याआधी सगळी पाणी निघायची भोके तारेने मोकळी केली होती.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नव्हती. नोंद नाही म्हणजे बदललेला नाही, असेच धरायचे. या प्रकारच्या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप एकाच वेळी बदलले.

फोर बाय फोर शेवटी. लिव्हर वर्षानुवर्षे न वापरल्याने अडकला होता, लिंक मोकळी करून ग्रीस केल्यावर लागू लागला. चाचणी सैल मातीवर घेतली. पुढचा आणि मागचा ॲक्सल यांच्या दरम्यान वेगळे डिफरन्शियल नसलेली अशी सिस्टीम कोरड्या डांबरी रस्त्यावर लावून वळलो तर ताण ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीत) साठत जातो.

काय राहिले आहे

दुरुस्तीचा भाग पूर्ण खर्च झाला, थोडे वरही गेले. ते रेडिएटरच्या कोरमुळे. डेंटिंग-पेंटिंग केलेले नाही. उजव्या मागच्या दरवाजाला पोचा आहे, छताचा रंग उन्हाने उडाला आहे, आणि भाऊ त्यासाठी घाई करत नाही. मागचा एसी अजून नीट गार करत नाही.

इंजिनाच्या मागच्या मेन सीलमधून थोडे ऑइल झिरपते. जमिनीवर थेंब पडत नाही, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधले क्लचचे आवरण) ओले दिसते. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि क्लच पेडल बरेच वर आल्यावर पकडत असला तरी अजून घसरत नाही. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि हे सील एकाच वेळी करायचे असे ठरले आहे. तोपर्यंत दर पंधरवड्याला सकाळी थंड इंजिनाची डिपस्टिक पाहायची आणि आकडा वहीत लिहायचा; वही गाडीच्या ग्लोव्हबॉक्समध्ये आहे आणि तिच्या पहिल्या पानावर ब्रीदर, सनरूफच्या नळ्या आणि रेडिएटरची फट कधी साफ केली त्या तारखा आहेत.